रिसेप्शन प्रतापसिंहरावांपाशी बंद पडते

कोमलच्या रिसेप्शनच्या चित्रणात स्टेजवर एकूण १८७ माणसे चढतात. त्यांतली नऊ कडेवर आहेत. दोन गृहस्थ दोनदा चढतात. ते मी एकदाच मोजले. ही माणसे ६२ घोळक्यांनी येतात आणि सगळ्याची लांबी चौतीस मिनिटे आहे. पस्तिसावा घोळका एकाच माणसाचा आहे: नवरीचे थोरले काका प्रतापसिंहराव. बदामी कोट, गुलाबी फेटा, स्टेजवरचा मुक्काम चोवीस सेकंद.

हे मोजायची वेळ आली, कारण नंदूमामाचा संगणक त्या पस्तिसाव्या घोळक्यापाशी बंद पडत होता.

नंदूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. रावपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर त्याचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. २००३ चा डिसेंबर उतरणीला लागला होता. कमुरता सुरू झाली होती, म्हणजे आता संक्रांतीपर्यंत बडोद्यात लग्ने नाहीत. या दिवसांत मामा साठलेले एडिटिंग उरकतो. मी फिजिक्समध्ये एम. एस्सी. करून घरी अर्ज लिहीत बसले होते. गुरुवारी त्याचा फोन आला.

"मोहना, तू सायन्सवाली ने? मग ये आणि बघ. मशीन प्रतापसिंहरावांना पचवत नाही."

मी गेले. चित्रण कापून, जोडून, वर गाणी घालून झाले की संगणक त्या सगळ्याची मिळून एक सलग फाइल तयार करतो. याला मामा 'रेंडर लावणे' म्हणतो. एका छोट्या चौकटीत चित्र हळूहळू पुढे सरकत राहते आणि आपण चहा पितो. पन्नास मिनिटांनी चौकटीत प्रतापसिंहराव आले. त्यांनी नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला हात उचलला आणि तो हात तसाच वर राहिला. पडद्यावर इंग्रजी सूचना आली की, या प्रोग्रॅमने काहीतरी बेकायदा केले आहे, सबब तो बंद होईल.

"तिसऱ्यांदा," मामा म्हणाला. "दर वेळी हाच हात."

तेवढ्यात कोमलचे वडील श्रीपतराव जिना चढून आले. रिफायनरीतून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. त्यांनी पडदा पाहिला, सूचना वाचली.

"बेकायदा? दादांनी काय बेकायदा केलं?"

"काही नाही हो. मशीन असंच बोलतं."

"नंदू, रविवारी दादा तरसालीला येतायत. कॅसेट बघायला. अकरा वर्षांनी माझ्या घरात जेवणार आहेत. तू मला हात वर केलेले दादा दाखवणार?"

अकरा वर्षांचे कारण मला घरून माहीत होते. या दोघा भावांच्या वडिलांच्या पंचाहत्तरीला सगळ्या कुटुंबाचा फोटो निघाला. कॅमेरा श्रीपतरावांच्या हातात होता. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात सर्वांत उंच असलेल्या प्रतापसिंहरावांचे डोके नव्हते. कोट होता, टाय होता, त्याच्या वर काही नव्हते. हे मुद्दाम केले, असे थोरल्यांचे म्हणणे. एवढ्यासाठी मुद्दाम कशाला करीन, असे धाकट्यांचे. कोमलच्या लग्नाला काका आले ते तिने स्वतः जाऊन पाय धरले म्हणून. श्रीपतरावांशी ते तिथे एक शब्द बोलले नव्हते. रविवारी येतो, हा निरोपही कोमलकडूनच आला होता.

"एक आयडिया आहे," मामा चाचरत म्हणाला. "काकांना तिथून काढतो. शेवटी त्यांचा एक मोठा फोटो टाकतो. फुलांच्या चौकटीत."

"फुलांच्या चौकटीत? माणूस जिवंत आहे, नंदू!"

"बरं, चौकट नको."

"काही कापायचं नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, एकही माणूस कापायचा नाही. आमच्याकडे एकदा कापून झालंय."

मामा माझ्याकडे वळला. "सगळ्यांचं रिसेप्शन मी बारा मिनिटांत बसवतो. यांचं चौतीस. कशासाठी, तर कोणी राहायला नको. त्यात गुरुजीसुद्धा दक्षिणा घेऊन झाल्यावर फोटोला चढलेत."

"गुरुजींना विचारून पाहा," श्रीपतराव गंभीरपणे म्हणाले. "एखादी शांत वगैरे असेल तर."

"मशीनची शांत?"

"दादांची."

मला वाटले, शांत करण्याआधी दोष नक्की काकांचा आहे का, ते पाहावे. दोन शक्यता होत्या. काकांच्या चित्रणात काही बिघाड असेल, तर त्यांना पुढे-मागे सरकवले तरी संगणक त्यांच्यापाशीच अडणार. नसेल, तर दुसरीकडे अडणार. मी मामाला म्हटले, सुरुवातीला नवरा-नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पडतात तो दीड मिनिटाचा तुकडा तात्पुरता काढ आणि पुन्हा रेंडर लाव.

"पाकळ्यांनी काय होतं?"

"तेच बघायचंय."

श्रीपतराव निघायला तयार नव्हते. आम्ही तिघे चौकटीकडे बघत बसलो. मामाने शेव-उसळ मागवली. काका आले. हात उचलला. हात खाली आला. काका चोवीस सेकंद पूर्ण करून रुबाबात उतरून गेले. श्रीपतरावांनी टाळी वाजवली. आणखी एक मिनिट एकवीस सेकंदांनी स्टेजवर कमलाआत्या चढल्या, नवरीच्या गालाला हात लावला आणि तिथेच थिजल्या. सूचना आली.

"कमलाआत्या?" श्रीपतराव उठून उभे राहिले. "ती तर कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

"म्हणजे काका सुटले," मामा म्हणाला.

मी वहीत लिहून घेतले. शुक्रवारी उलटे केले: पाकळ्या परत घातल्या आणि त्यांच्याही आधी एक मिनिट नुसता काळा पडदा ठेवला. या वेळी काकांची पाळीच आली नाही. त्यांच्याआधीच गुरुजी अडकले, नमस्कारासाठी हात जोडलेले.

"घे!" मामा म्हणाला. "आता शांत कोणाकडून करून घ्यायची?"

तिन्ही वेळा माणसे वेगळी होती आणि घड्याळ एकच होते. सुरुवातीपासून एकोणीस मिनिटे त्रेपन्न सेकंद. मग मी डिस्कवर उरलेल्या अर्धवट फाइली उघडून त्यांचा आकार पाहिला. तिघींचाही अगदी सारखा, चार गिगाबाइट. या चित्रणाला सेकंदाला छत्तीस लाख बाइट लागतात. मी वहीत भागाकार केला. उत्तर आले ११९३ सेकंद, म्हणजे एकोणीस मिनिटे त्रेपन्न सेकंद.

"मामा, ही डिस्क जुन्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली आहे. हिच्यावर कुठलीही एक फाइल चार गिगाबाइटच्या पुढे वाढूच शकत नाही. तू आजवर बारा मिनिटांची रिसेप्शनं केलीस, म्हणून कधी भिंत लागली नाही. फाइल तिथवर पोचली की जो कोणी स्टेजवर असेल, तो अडकतो."

मामाने माझ्या वहीत डोकावले. "म्हणजे कोणालाच कापायचं नाही म्हटलं, म्हणून काका अडकले?"

"हो."

"हे श्रीपतरावांना सांगू नकोस हं."

उपाय सोपा होता: दोन फाइली करायच्या आणि कॅसेटवर एकीमागून एक उतरवायच्या. अवघड होते ते जोड कुठे द्यायचा हे ठरवणे. जोडाच्या जागी चित्र किंचित हलते. श्रीपतरावांना फोनवर विचारले, तर ते म्हणाले, "माझ्यावर द्या, चालेल." पण ते सगळीकडेच होते. शेवटी सतराव्या मिनिटाला वेटर आइस्क्रीमचा ट्रे घेऊन कॅमेऱ्यासमोरून जातो, ती जागा सापडली. चार सेकंद पडद्यावर फक्त पिस्ता. मामाने तिथे जोड दिला. दोन्ही फाइली शनिवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण झाल्या.

रविवारी आम्हालाही जेवायला बोलावले होते. प्रतापसिंहराव बरोबर बारा वाजता आले, कोमलशी बोलले, मामाशी बोलले, माझे शिक्षण विचारले. श्रीपतरावांना त्यांनी मानेने नमस्कार केला. श्रीपतरावांनी कॅसेट लावली आणि खुर्ची नसल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पाकळ्या पडल्या. घोळके चढले-उतरले. पिस्ता गेला. गुरुजींनी हात जोडले आणि सोडले. मग बदामी कोट आला. हात वर गेला, खाली आला, काका उतरून गेले.

"थांब," प्रतापसिंहराव म्हणाले. "मागे घे."

"घेतो, दादा."

"रिमोट इकडे दे. तुला जमायचं नाही."

"बरं, दादा."

"आणि बस की. उभा काय राहिलास पोलिसासारखा?"

श्रीपतराव शेजारच्या खुर्चीत बसले. वही माझ्याजवळ होतीच, तेव्हा जेवणाची पाने मांडेपर्यंतची नोंद मी केली. चोवीस सेकंदांचा तो तुकडा एकूण आठ वेळा पाहण्यात आला. पहिल्यांदा तो आपोआप आला. नंतर रिमोट पाच वेळा प्रतापसिंहरावांनी दाबला, दोन वेळा श्रीपतरावांनी.