पान वर गेलं

शबानाला अक्कल नव्हती असं नाही. मोफत डायलिसिस केंद्राचा नोंदणी अर्ज तिनं एकटीनं वेबसाइटवर चढवला होता, आणि सोलापुरात त्याचं कौतुकही झालं होतं. फक्त अर्ज पाठवायचं नेहमीचं बटण तेवढं तिला आवडेना. ढोबळ दिसतं म्हणे! हौसेला मोल नाही म्हणतात, ते हे असं. अर्जाच्या शेवटी तिनं बारीक निळ्या अक्षरांत नुसतं ‘अर्ज पाठवा’ लिहिलं. त्यावर बोट टेकवलं की अर्ज जायचा. तिच्या मोबाइलवर तरी जायचा.

गुरुवारी सकाळी मैंदर्गी गावचे म्हातारे निंगप्पा केंद्राच्या ऑफिसात आले आणि टोपी हातात धरून उभे राहिले.

“दानम्माचं नाव कमी करायचं हाय,” ते म्हणाले. “माझी बायको. सोमवारी गेली. मशिनी चार, वाट बघणारी लई. तिचा नंबर कशाला अडवून ठिवायचा? दुसऱ्या कुणाचं तरी भलं हुईल.”

शबानानं खुर्ची पुढं ओढली. “बसा की काका,” म्हणत तिनं यादी उघडली. वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली. दानम्मा नव्हतीच.

“अर्ज कधी भरला होता?”

“तीन आठवडं झालं. मीच भरला. शेवटच्या निळ्या अक्षरावर दाबलं, तसं पान वर गेलं आन् हात जोडल्यालं चित्र आलं. म्हणलं, पोचलं बाबा.”

शबाना गारच पडली. ते नमस्काराचं चित्र पानाच्या माथ्यावर कायमचंच होतं. नेट रडतखडत असलं की त्या अक्षरांना चालवणारा कोड मोबाइलमध्ये उतरायचाच नाही, आणि दाबलं की पान नुसतं उडी मारून वर जायचं. साधं बटण असतं तर कोड येवो न येवो, अर्ज गेला असता. हे तिला ठाऊक होतं. नुसत्या दिसण्यापायी तिनं ते सोडलं होतं.

“कितवी हुती गं ती?” निंगप्पांनी विचारलं. “जवळ आलता का नंबर?”

‘कमी केलं नाव’ एवढं म्हटलं असतं तर म्हातारा मुकाट गेला असता. शब्द जिभेवर आलेही होते. पण त्यांच्या मागून अर्ज केलेले दोघं पलीकडच्या खोलीत मशीनवर होते. तिला खोटं बोलवेना.

“काका, तुमचा अर्ज पोचलाच नव्हता. चूक माझी आहे. तुम्ही बरोबर दाबलं होतं.”

निंगप्पांनी टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “ती जाईस्तवर अठरा दिस फोन उशाला घिऊन झोपलो की गं.”

शबानाला रडू फुटलं.

“रडत बसू नगंस. आदी ते नीट कर. आत्ता बी कुणीतरी दाबत बसलं असंल.”

तिनं तिथल्या तिथं ती अक्षरं काढली आणि चांगलं ठसठशीत बटण बसवलं. निंगप्पा उठले नाहीत. झालं म्हटल्यावर त्यांनी आपला मोबाइल पुढं केला.

“चालतंय का बघू.”

नाव कुणाचं टाकू, तिनं विचारलं.

“तिचंच टाक की.”

तिनं भरून दिलं. बटण मात्र निंगप्पांनी स्वतः दाबलं. ‘दानम्मा निंगप्पा बिराजदार, तुमचा अर्ज मिळाला.’ एकेक अक्षर लावत त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मोबाइल तोंडाशी धरून म्हातारा हमसून हमसून रडला.