गिळलेली जांभई

मावशीला जांभई येईना!

आली असती तर सगळं सोपं होतं. मावशी माणसांच्या मनावरचं ओझं उतरवायची. रीत एवढीच: हात हातात घ्यायचा, समोरच्याच्या श्वासाला श्वास जुळवायचा, देवाचं नाव पुटपुटायचं. ओझं सुटलं की मावशीला जांभयांवर जांभया, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

आज काही नाही. ठणठणाट.

समोर गाण्याच्या बाई. भाऊ गेला त्या दिवसापासून मुक्या. शेजारी त्यांची धाकटी बहीण, पर्स पोटाशी धरून. आज शब्द फुटला नाही तर उद्या बाईंना दूरच्या संस्थेत नेऊन ठेवायचं, हे तिचं ठरलेलं.

आणि ठमी, मावशीची भाची. मानसोपचाराची खोली तिची, पेशंट तिची, हाय खाल्लेलीही तीच. बाईंनी मानेनं हो म्हटलं, तेव्हा तिनंच मावशीला बोलावलं होतं.

"काय गं मावशी?"

"माझ्याकडे येतच नाहीये. कुणीतरी आधीच घेतलंय." मावशीनं मान वळवली. "ठमे, तोंड का दाबतेस?"

दाबत होती खरी. बाईंसमोर बसलं की पहिल्या दिवसापासून जांभई यायची आणि ठमी ती दातांखाली चिरडायची. पेशंटपुढे जांभई? छे!

"अगं, अपमान होतो समोरच्याचा!"

"आणि गिळलीस की मान होतो? इतके महिने तू त्यांच्यापाशी बसलीस, म्हणून तुझ्याकडे आलंय. मी आजची पाहुणी. आ कर!"

ठमीनं आ केला.

आली! जबडा निखळेल अशी, खुर्चीसकट हलवणारी, संपता संपेना, आणि तिच्या पाठोपाठ रडू, ठमीचं, सगळ्यांदेखत!

"हा काय तमाशा आहे?" बहीण उठलीच.

"गप्प! बघा—" मावशी म्हणाली.

बाईंची हनुवटी हलली. जांभई लागते ना, तशी लागली. ओठ सुटले. तोंड उघडलं, केवढं! श्वास आत गेला, आणि परत येताना त्याच्या पाठीवर बसून एक सूर बाहेर आला. घोगरा, गंजलेला. पण सूर!

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "झोप झाली नाही का?"

पर्स धपकन खाली.

"भाऊही असाच..." बाई अडखळल्या. "मी गायला बसले की... जांभया..."

"मुद्दाम!" बहीण ओरडली. "तुला चिडवायला! ताई, दर वेळी मुद्दाम!"

दोघी हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे. ठमीनं नाक पुसलं.

"मग उद्याचं?"

"उद्याचं कसलं?" म्हणत बहिणीनंही भलीमोठी जांभई दिली.