कागदाखालचा केस

नवसाबाईंनी इंजिनाच्या चौथ्या सिलिंडरमध्ये बोट घातलं, डोळे मिटून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि पदराला पुसलं.

"गुळगुळीत हाय. घाल पिस्टन."

सून ज्योत्स्ना जागची हलली नाही. "आई, गेजचा काटा मधे हलतोय. एकदा परत बघता?"

"तीस वर्सं हे बोट फिरतंय. तवा तुझा काटा कुठं होता? इंजिन हाय हे, तुझ्या बापाचा माग नाय."

ज्योत्स्ना येवल्याची. पैठणीच्या मागावर रेशमाचे तुटके धागे जोडत वाढलेली. तिने सिलिंडरची गोलाई मोजायचं गेज डबीत ठेवलं, पण पिस्टनला हात लावला नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये टेबलावर वेणीमाधव या गिऱ्हाइकाच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडं पडलं होतं. मोठे व्हॉल्व्ह, उंच माथ्याचे पिस्टन, नवा कॅमशाफ्ट. पन्नास वर्षांच्या लोखंडातून दीडपट ताकद काढायची होती. रविवारी गाडी सापुताऱ्याचा घाट चढणार. सिलिंडरला जराही फुगवटा राहिला तर त्या वेगात पिस्टन जाम होणार, तेही ऐन वळणावर. "मशीनवर कुणीही बसो," वेणीमाधव म्हणाले होते, "शेवटचं बोट तुमचं."

दुपारी ज्योत्स्ना गॅस्केट आणायला गेली. नवसाबाईंनी शेडचं दार लोटलं, डोक्यातला एक केस उपटून सपाट लोखंडी पाटावर ठेवला आणि वर वर्तमानपत्राचा कागद पसरला. लग्नानंतर नवऱ्याने, चंदरने, असाच केस लपवून त्यांची परीक्षा घेतली होती. बोट एका दमात केसावर थांबलं, तेव्हा कुठे त्यांना या शेडमध्ये उभं राहायला जागा मिळाली. तेव्हापासूनचा नियम: ज्याला केस सापडेल त्याचं बोट शेवटचं, आणि इंजिनाच्या पहिल्या चढाला गाडीत त्यानेच बसायचं.

कागदावरून बोट गेलं. परत आलं. केस कुठे आहे ते ठाऊक असूनही बोटाला काही लागलं नाही.

ज्योत्स्ना आली तशी त्यांनी हाक मारली. "इकडं ये. याच्याखाली काय हाय, सांग."

ज्योत्स्नाने हात पुसले. बोट दोन वीत सरकलं आणि थांबलं.

"केस. टोकाला जरा वळलाय."

नवसाबाई पाटाकडेच बघत राहिल्या. "सिलिंडरातलं तुला आधी काट्यानं सांगितलं का बोटानं?"

"...बोटाने."

"मग काट्याच्या आड कशाला लपलीस?"

नवसाबाईंनी कागदाचा बोळा केला.

"होनिंगचा दगड काढ, आतून घास. एक नाय, चारी सिलिंडर परत. आणि झालं म्हणून मी सांगायची वाट बघू नकोस."

रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी इंजिन सुरू झालं, तसे चहाच्या टपरीवरचे ग्लास थरथरले. नवसाबाईंनी मान तिरकी करून आवाज ऐकला. कान अजून त्यांचेच होते.

वेणीमाधवांनी दुसरं हेल्मेट पुढे केलं. "मावशी, बसायचं ना? नियम तुमचाच."

"नियम कुठं मोडतेय मी?"

त्यांनी हेल्मेट घेतलं, आतून पदराने पुसलं आणि ज्योत्स्नाच्या हातात दिलं.

"पट्टा घट्ट बांध. आन् तोंड मिटून बस, घाटात माशा जात्यात."