नऊचं ॲव्हरेज

"तोंडापर्यंत भर रे. पेट्रोल वर दिसाक व्हया," बाबली घाडी खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला.

पंपावरच्या माणसाने नळी आणखी दोनदा दाबली. गेल्या वेळीही बाबलीने इथेच टाकी अशी काठोकाठ भरून घेतली होती. मधल्या दिवसांत गाडी किती चालली ते समोरच्या काट्यावर होतं, आणि किती प्याली ते आता पंपाच्या मशीनवर आलं होतं. त्याने मनातल्या मनात भागाकार केला. पटेना, म्हणून पुन्हा केला.

"कितको इलो ॲव्हरेज?" बाजूच्या टपरीवरून चहाचे दोन ग्लास घेऊन आलेल्या जयरामने विचारलं. जयराम एसटीत कंडक्टर होता. बाबली ड्रायव्हर असताना वर्षानुवर्षं दोघे एकाच गाडीवर होते.

"नव."

"नव?" जयराम हसला. "अरे, आत पन्नास माणसां, टपार आंब्याचे पेटये, तरी आपली एसटी साडेचार देय. आणि ही डबी दोन माणसांक घेवन नव? बाबल्या, हात गेलो तुझो!"

"पाय गेलो, जयराम. हात आसा माझो," बाबलीही हसत म्हणाला. पण चहा त्याने अर्धाच पिऊन परत दिला.

जयरामने चेष्टेत म्हटलं ते त्याला लागायचं कारण होतं. कणकवली डेपोत डिझेल वाचवावं तर बाबली घाडीने, असं सगळे म्हणत. डेपोने दोनदा नारळ आणि टॉवेल देऊन त्याचा सत्कार केला होता. नवीन पोरं विचारायची, बाबलीकाका, कसं करता? त्याला सांगता यायचं नाही. पुढचा चढ पायाला आधीच कळायचा एवढंच. कुठे गियर टाकायचा, कुठे पाय सैल सोडायचा, हे त्याच्या डाव्या पायात आणि डाव्या हातात बसलेलं होतं.

मग त्याच डाव्या पायाला खिळा लागला. अंगात साखर होती, जखम चिघळत गेली आणि मिरजेला पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नोकरी सुटली. दोन वर्षं बाबली पडवीत बसून होता. तळेऱ्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, ह्याने गियर उशिरा टाकला.

त्याची बायको मथुरा हिचा भाऊ गुरुदास मालवाहू जहाजावर कामाला होता. अपंग माणसाला बाहेरून खास गाडी आणायचा परवाना मिळतो, हे त्याला मुंबईत कुणीतरी सांगितलं. त्याने खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि जपानहून एक नवी छोटी गाडी आणून दारात उभी केली. क्लच नाही, दोनच पेडल, गियर आपले आपण बदलणार.

"भावजी, डावो पाय लागतच नाय हेका," गुरुदास म्हणाला होता.

त्या दिवशी बाबली एकटाच गाडी घेऊन रस्त्याला लागला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. मथुराने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

महिन्याभरात ॲव्हरेजचं खूळ सुरू झालं. कणकवलीच्या महादू मेस्त्रीने कार्बुरेटर उघडला, प्लग साफ केले, हवा बघितली.

"काय बिघाड नाय हिच्यात," हात पुसत तो म्हणाला. "हिचा असाच. सपाट मुलखातली गाडी ही. आपल्या चढावांका सारखी खालच्या गियरात येता, मगे पेट्रोल खाता."

"पण चढ संपलो तरी वर जायत नाय ती! मी असतंय तर कधीचो टॉप टाकलंय असतो."

"तू नाय मां टाकूचो. ती टाकतली."

हेच बाबलीला सोसवेना. गाडी त्याचं ऐकतच नव्हती. तो पाय सैल सोडायचा, चाळीसच्या वर जायचा नाही, खिडक्या बंद ठेवायचा. आकडा नवाचा दहा होईना. मग त्याने गाडी काढणंच कमी केलं. मथुरा बाजाराला निघाली की म्हणायचा, "एवढ्याशाक गाडी कित्याक? इंजीन तापाच्या आधीच तू पोचतलंस." मथुरा पिशवी घेऊन चालू लागायची.

"पिता तर पिवंदे," ती एकदा म्हणाली. "भाकड म्हस पोसतंव मां आपण?"

"भाकड म्हशीक कोण गावभर फिरवीत नाय."

मिरजेला पाय काढला त्या दिवशी मथुरा कुणकेश्वराला नवस बोलली होती, हा माणूस उभा राहिला की तुझ्या पायरीशी घेऊन येईन. गाडी आल्यापासून ती त्याची आठवण करत होती आणि तो पुढे ढकलत होता. शेवटी मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तिने लुगडं बदललं, पूजेचं सामान घेतलं आणि सरळ गाडीत जाऊन बसली.

"एसटीन जाव्या काय?" बाबलीने विचारून बघितलं.

"तुमी कुबड्ये घेवन एसटीत चढतलास?"

तो निमूट निघाला. वाटभर त्याचं लक्ष पेट्रोलच्या काट्यावर. मथुरा काजूच्या बागा दाखवत होती, ओळखीच्या गावांची नावं घेत होती, तो नुसता हुं म्हणत होता. कुणकेश्वर जवळ आलं, दूरवर समुद्र दिसला आणि मोठा उतार लागला. बाबलीने गियरचा दांडा न्यूट्रलला सारला आणि किल्ली फिरवून इंजीन बंद केलं.

गाडी मुकाट घरंगळायला लागली. फक्त टायरचा आवाज. बाबलीला बरं वाटलं. एवढा उतार तरी फुकट.

वळणावर एक बाई दोन म्हशी घेऊन रस्ता ओलांडत होती. बाबलीने ब्रेक मारला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं घट्ट झालं. बंद इंजिनावर ब्रेकला जोर राहत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. "मागे हो गो!" तो ओरडला, हँडब्रेक खेचला आणि गाडी कडेच्या गडग्याला, चिऱ्यांच्या कुंपणाला घासत नेली. ती थांबली तेव्हा पुढची म्हैस हातभर अंतरावर होती. ती त्यांच्याकडे बघून पुढे गेली. बाई शिव्या घालत तिच्यामागे गेली.

"मथुरा, लागला काय गो?"

"नाय."

तिच्या मांडीवरचा नारळ खाली घरंगळला होता. तो उचलून तिने पदराने पुसला.

"इंजीन बंद केलास?"

"उतार होतो."

"एसटीत असतास, तर असा केला असतास?"

"नाय," बाबली म्हणाला. "पॅसेंजर असत मागे."

"मगे? माझ्याकडे तिकीट नाय म्हणान?"

ती रागाने बोलली नव्हती. नुसती दमलेली वाटत होती. बाबलीने तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखाली काळं, हाताला पाणी ओढून पडलेले घट्टे. पाय काढल्यावर रात्री-बेरात्री नसलेली पोटरी दुखायची, तेव्हा हीच उठून बसायची.

त्याने इंजीन चालू केलं आणि उरलेला उतार ब्रेक लावत, सावकाश उतरला.

देवळात मथुराने बेल वाहिला, नारळ फोडला. बाबली कुबड्या टेकत पायरीपर्यंत गेला आणि तिथून हात जोडले. मग दोघं वाळूच्या कडेला बसली. नारळाची अर्धी भकल तिने त्याच्या हातात दिली.

"काय मागलंस?" त्याने विचारलं.

"मागूचा काय नव्हता. सांगूक इललंय. तुमका घेवन इलंय म्हणान."

परत निघाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. शिरगाव मागे पडलं तरी मथुरा काही बोलली नाही, म्हणून बाबलीने वळून बघितलं. ती झोपली होती. तोंड जरासं उघडं, डोकं काचेला टेकलेलं. दिवसाउजेडी तिला झोपलेली त्याने कधी बघितली नव्हती.

घराचा फाटा आला. आत दगडाधोंड्यांची कच्ची वाट. तिथे गाडी हिसकली असती, ती उठली असती, आणि उठली की तशीच कळशी घेऊन विहिरीवर गेली असती. बाबली फाट्यावर वळला नाही. सरळ तळेऱ्याकडे निघाला.

पुढे चढ लागला. गाडीने आपला गियर उतरवला, कुठे हिसका नाही, धक्का नाही. मथुरा हललीसुद्धा नाही. तिन्हीसांज होत आली होती. वरून एक ट्रक खाली येत होता आणि वळण अरुंद होतं. बाबलीचा हात सवयीने हॉर्नवर गेला. तो त्याने मागे घेतला आणि नुसता दिवा दाखवला.