सात नंबरच्या कपाटातला आंबट चहा

किशनराव छप्पन वर्षांचे होते आणि हैदराबादला एका सरकारी खात्यात सुपरिंटेंडेंट होते. त्यांचे वडील नांदेडकडून कामाच्या शोधात आले आणि अंबरपेठेत राहिले. किशनराव तिथंच जन्मले, तिथंच वाढले. घरात मराठी, बाजारात दखनी आणि ऑफिसात तेलुगू अशा तिन्ही भाषा ते बोलत, आणि तिन्हींत सारखंच ठासून बोलत.

२०१४च्या फेब्रुवारीत कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि भात, पोळी, भाकरी, साखर एकदम कमी करायला सांगितलं. किशनरावांनी कमी केलं नाही, बंदच केलं. सकाळी अंडी, दुपारी पालेभाजी आणि पनीर, रात्री मटणाचे चार तुकडे. नारायणगुड्याच्या हॉटेलातला इराणी चहा आणि त्याबरोबरची बिस्किटं, पंचवीस वर्षांची सवय, त्यांनी एका दिवसात सोडली. मात्र सोडल्याचं शंभर माणसांना सांगितलं. याला लो-कार्ब म्हणतात, हेही सांगितलं.

त्यांची बायको पंचफुला. एका खाजगी दवाखान्यात वीस वर्षं नर्स होती, त्यामुळे बोटाला सुई टोचून साखर बघायचं काम घरात तिच्याकडे होतं. नवरा भाकरीकडे कसा बघतो, हे तिला दिसत होतं.

मार्चमध्ये बंगळूरहून लेक आली. बापाचं सुकलेलं तोंड पाहून तिने परत जाताना एक काचेची बरणी ठेवून दिली. आत तपकिरी पाणी होतं आणि वर पांढरट, जाड, गोल असं काहीतरी तरंगत होतं. याला कोंबुचा म्हणतात, ती म्हणाली. गोड चहा करून गार करायचा, त्यात ही चकती सोडायची, वर फडकं बांधायचं. चकतीतले जंतू साखर खातात आणि चहा आंबतो. मग तो बाबांना चालतो.

शेजारच्या केसरबाईंनी नाव ऐकून विचारलं, यात कोंबडा घालतात का. पंचफुलाचा प्रश्न वेगळा होता. तीन लिटर चहात वाटीभर साखर तिने स्वतःच्या हाताने घातली होती.

"एवढी साखर जाणार कुठं?" तिने विचारलं.

किशनराव म्हणाले, "जंतू खातात. तुझ्यासमोर बसून खातील काय?"

दोन महिने किशनराव कोंबुचा प्याले. दिवसाला चार ग्लास. चहा पंचफुला करून द्यायची, पण बरणी कधी उघडायची हे तेच ठरवायचे. चेहऱ्यावर तेज आलं, ऑफिसला जाताना ते गुणगुणायला लागले. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटली, तेव्हा त्यांनी द्रोण दोन्ही हातांनी परत केला आणि साखर शरीराचं काय करते यावर एवढा वेळ बोलले, की वाढणारी पोरं पुढच्या पंगतीला निघून गेली.

त्याच आठवड्यात नवा रिपोर्ट आला. घरच्या सुईवर दिसत होतं तेच त्यात होतं: साखर कमी झाली नव्हती, चांगली वाढली होती.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा कागद पाहिला. काय खाता, विचारलं. किशनरावांनी सगळं सांगितलं, त्यात एक घासही खोटा नव्हता. मग पंचफुलाने बरणीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, पुरता आंबला असेल तर छोटा ग्लास चालायला हरकत नाही, पण आंबल्यानंतरही थोडी साखर राहतेच. किती दिवस ठेवता? किशनराव म्हणाले, "ठेवतो की व्यवस्थित." आणि चष्मा पुसायला लागले.

घरी आल्यावर पंचफुलाने सांगून टाकलं की या स्वयंपाकघरात एक तर ती बरणी राहील नाही तर मी. किशनरावांनी थोडा वेळ विचार केला, हेच तिला फार लागलं. दुसऱ्या दिवशी, तिनेच आदल्या सकाळी ताजा चहा भरलेली बरणी पिशवीत घालून ते ऑफिसला घेऊन गेले आणि सात नंबरच्या कपाटात खालच्या खणात, जुन्या फायलींमागे ठेवली. अंधार होता, ऊब होती, कुणी बघणार नव्हतं.

पण ते दिवस राज्याच्या वाटणीचे होते. दोन जूनला तेलंगणा वेगळं होणार होतं आणि प्रत्येक खात्यात फायली, खुर्च्या, पंखे, माणसं, सगळ्यांची विभागणी चालली होती. किशनरावांना स्वतःलाही कागद द्यावे लागले होते. मराठी आडनाव पाहून एका साहेबाने विचारलं होतं की तुम्ही नक्की कुठले. त्यावर किशनरावांनी शाळेचा दाखला, आईवडिलांची रेशनकार्डं आणि अंबरपेठेच्या नळाच्या पावत्या एवढं सगळं टेबलावर मांडलं होतं.

बरणी ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. त्या दिवशी कमिटीची माणसं आली, कपाटातल्या वस्तूंची यादी केली आणि कपाटाला कुलूप लावून वर लाखेचं सील ठोकलं. यादीत शेवटी लिहिलं होतं: काचेची बरणी एक, आतील पदार्थ समजला नाही. सात नंबरचं कपाट आंध्राच्या वाट्याला गेलं होतं.

किशनराव कामेश्वररावांकडे गेले. कामेश्वरराव राजमहेंद्रीचे, वीस वर्षं शेजारच्या टेबलावर, आणि आता आंध्राकडच्या सामानाची जबाबदारी त्यांच्याकडे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. सील कमिटीशिवाय तोडता येत नाही, म्हणाले, अर्ज द्या. किशनरावांनी अर्ज दिला. सदर बरणीत सजीव वस्तू असून तिच्या जिवास धोका आहे, असं त्यात लिहिलं. तीन दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता: सजीव म्हणजे प्राणी की कर्मचारी, खुलासा करावा.

खुलासे जात-येत राहिले. इकडे घरी पंचफुला रोज सकाळी बोटाला सुई टोचत होती, आणि आकडा रोज थोडा खाली येत होता. दीडशेचा एकशे अडतीस, मग एकशे पंचवीस. ती आकडा मोठ्याने वाचायची. किशनराव म्हणायचे की उन्हाळा आहे, घाम जातो.

राज्य वेगळं झालं. जूनच्या मध्यावर एकदाची कमिटी आली. सील तोडून दार उघडलं, तेव्हा व्हिनेगरसारखा असा आंबट भपका आला की कमिटीतला एक जण "सिरका है क्या?" म्हणत मागं सरला. बरणीतली चकती चांगली बोटभर जाड झाली होती आणि तिच्यावर दुसरा थर आला होता. कामेश्वररावांनी सही घेऊन बरणी दिली. नंतर हळूच सांगितलं की त्यांच्या बायकोलाही साखर आहे, त्यातला एक थर मिळाला तर बरं होईल. किशनरावांनी तिथंच वरचा थर डब्यात घालून थोड्या पाण्यासकट त्यांना दिला. या वाटणीला अर्ज लागला नाही.

बरणी घरी आली. पंचफुलाने दार अडवलं नाही. आता समोरासमोर बघूच, म्हणाली. तिने आधी सुई टोचली: एकशे बावीस. मग एक ग्लास भरून दिला आणि घड्याळ बघत बसली. किशनरावांनी घोट घेतला आणि त्यांचे दोन्ही डोळे मिटले. ग्लास संपवायला त्यांना वीस मिनिटं लागली. तासाने तिने पुन्हा सुई टोचली. फक्त एकशे एकोणतीस.

पंचफुलाने दुसरं बोट टोचून पाहिलं. तोच आकडा. साखर तिने स्वतः घातली होती, वाटीभर. ती खरोखर गेली होती. लेक बरोबर बोलत होती. मग दोन महिने आकडा कशाने चढत होता?

"अहो," ती म्हणाली, "घरी असताना तुम्ही हे कितव्या दिवशी प्यायचात?"

किशनरावांनी ग्लासाच्या तळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिसऱ्या."

"तिसऱ्या दिवशी तर ते नुसतं सरबत."

"हौ." त्यांनी रिकामा ग्लास खाली ठेवला. "तिसऱ्या दिवशी फार छान लागतं, पंचफुला. थोडा बुडबुडा, थोडा आंबट, बाकी आपला चहाच. मला वाटलं, नाव कोंबुचा आहे तर चालतंय. साखर गेलेली नसते, हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण सोडवेना."

ती चिडेल असं त्यांना वाटलं होतं. विहारात परत केलेली खीर, शंभर माणसांना दिलेली भाषणं, सगळं ती आता काढेल, असंही वाटलं होतं. तिने यंत्र डबीत ठेवलं.

"गोड खावंसं वाटत होतं, तर मला सांगायचं," ती म्हणाली. "त्या बरणीशी काय संसार करत होता."

त्यानंतर बरणी स्वयंपाकघरातच राहिली. फडक्यावर पंचफुला तारीख लिहायची आणि बारा दिवसांच्या आत बरणीला कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. रोज दुपारी जेवताना किशनराव लहान कपभर आंबट चहा नाक मुरडत पीत. जास्त आंबलेला ती काकडीच्या कोशिंबिरीत घालायची, तो मात्र त्यांना आवडायला लागला. डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरचा रिपोर्ट बघून मान डोलावली आणि असंच चालू ठेवा म्हणाल्या.

एक गोष्ट दोघांनी डॉक्टरीणबाईंना सांगितली नाही. दर रविवारी सकाळी पंचफुला एका छोट्या वेगळ्या बाटलीतून तिसऱ्या दिवसाचा अर्धा ग्लास काढायची आणि नवऱ्यापुढे ठेवायची. किशनराव तो ग्लास अर्धा तास पुरवून पीत, आणि तेवढा वेळ कुणाशीही बोलत नसत.