शिंप्याच्या मापातल्या लिली

आमच्या ह्यांना वाकडंतिकडं काही बघवत नाही. धंद्याने शिंपी, पुढच्या खोलीत दुकान, मागे आमचं घर. पडदा बोटभर खाली उतरला तरी जेवण सोडून उठतील. लग्नानंतर एकदा मी डुलकी काढत होते, तर ह्यांनी माझ्या केसांची टोकं मागून गुपचूप सरळ कापली होती. तेव्हा काय भांडले मी! पण सवय काही गेली नाही.

आई आमच्याकडे आली ती पाय मोडून. तिचं घर तीन जिने चढून, आणि राहणार एकटी. प्लास्टर निघालं, काठी हातात आली, तशी तिची जायची भाषा सुरू झाली. मला ती जायला नको होती. पण "राहा" म्हणायला तोंड उघडेल तर शपथ! आमच्या दोघींचा ताठा एकाच मातीचा. मी म्हणावं आणि तिने "नको गं, माझं मला बरं" म्हणून उडवून लावावं, ही धास्ती. म्हणून मी नुसती भांडी आदळत राहिले.

एक दिवस तीच म्हणाली, "तुमच्या दारात एक फूल नाही. बुटक्या लिली लावू या. त्या फुललेल्या बघते आणि निघते."

"बुटक्याच का?" ह्यांनी विचारलं.

"उंच लिलींना काठीचा आधार द्यावा लागतो, जावईबापू. ह्या घरात काठीवाली मी एकटी पुरे. शिवाय खुर्चीत बसून मला फुलांचं तोंड दिसायला हवं."

मग काय, आईने दारात खुर्ची टाकली आणि आम्हाला जुंपलं. नर्सरीतून घट्ट, टपोरे कंद आणले. पाणी तुंबू नये म्हणून कुंड्यांच्या भोकांवर खापऱ्या घातल्या. कंद चांगला खोल पुरायचा, कारण मातीतल्या दांड्यालाही मुळं फुटतात. "डोक्यावर ऊन आणि पायाशी गारवा," हे आई इतक्यांदा म्हणाली की दुकानातली गिऱ्हाइकंही म्हणायला लागली. उरलेले कंद भिंतीकडेच्या वाफ्यात गेले. तिथे ह्यांनी गळ्यातला टेप काढून अंतरं आखली, हे सांगायला नकोच.

कोंब आले, झपाट्याने वाढले. आई रोज काठी टेकत दाराशी जाऊन शेंडे चाचपायची आणि इकडे मी भांडी आणखी जोरात आदळायचे. फुलांवर इतकं चिडलेलं माणूस दुसरं नसेल.

वाफ्याचं एक टोक सावलीत होतं. तिथल्या लिली उन्हाच्या ओढीने उंच झाल्या, इकडच्या ठेंगण्याच राहिल्या. हे मशीनवर बसून खिडकीतून ते बघायचे आणि नुसती चुळबुळ करायचे. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका सकाळी मी बाहेर आले, तर वाफा कसा, इस्त्री केल्यासारखा! दोन खुंट्या, मध्ये ताणलेला दोरा, आणि कात्री हातात घेऊन हे खुशीत उभे. सगळ्यांत ठेंगणीचं माप धरून बाकीच्या सगळ्या एका रेषेत कापल्या होत्या. कुंड्याही सोडल्या नव्हत्या.

"कसं दिसतंय? म्हटलं, आईंना सरप्राइज द्यावं."

खाली पडलेला एक शेंडा मी उचलला. पानांच्या झुबक्यात हिरव्यागार कळ्या होत्या.

"अहो, कळ्या होत्या ह्या! लिलीला शेंड्यालाच फूल येतं!"

"मला वाटलं, पानंच आहेत. परत वाढेल ना?"

"वाढायला काय ती दाढी आहे? अहो, विचारायचं तरी!" असा काही तोंडाचा पट्टा सोडला मी, की आई काठी आपटत बाहेर आली.

तिने वाफा बघितला, ह्यांचा उतरलेला चेहरा बघितला आणि खुदकन हसली. "यंदाचं फूल गेलं, जावईबापू. उरलेली पानं तेवढी तोडू नका, त्यांच्यावरच कंद पोसतो. पुढच्या वर्षी येतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी फुलं बघून जाईन म्हटलं होतं. आता आली का पंचाईत!"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पुढच्या वर्षी! भर रस्त्यात नवऱ्याचे मुके घ्यावेसे वाटले मला.

तेवढ्यात हे वाफ्याच्या टोकाकडून ओरडले, "आई, काळजीच नको! मापाला धरलेली ठेंगणी शाबूत आहे. हिच्या कळ्या बघा केवढ्या! आठवडाभरात फुलेल!"

"कापा तीपण!" माझ्या तोंडून निघून गेलं.

आई हळूच वळली. "काय म्हणालीस?"

"काही नाही."

"बोल की, कार्टे."

आणि मला रडूच फुटलं. "जाऊ नकोस, आई. फुलं येवोत नाहीतर न येवोत, तू इथेच राहा. मला तू हवी आहेस."

आईने काठी भिंतीला टेकवली आणि माझे दोन्ही हात धरले. "केव्हाची ह्याचीच वाट बघतेय मी. लिलीचं काय घेऊन बसलीस! म्हटलं, त्या फुलेपर्यंत तरी हिचं तोंड उघडेल. नाही उघडलं, तर समजायचं की आपण ओझं झालो." मग पदराने माझे डोळे पुसत म्हणाली, "राहते. आता हाकललंस तरी जायची नाही."

आम्ही तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडून नाकं ओढत राहिलो. ह्यांना त्यातलं किती कळलं, कोण जाणे. ते ठेंगणीपाशी उकिडवे बसून, कात्री उघडून विचारत होते, "एकदा नक्की काय ते सांगा. हिला कापू का नको?"

"हात तर लावून बघा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.