माहीमच्या विहिरीतलं पिवळं जाकीट

उर्मिला त्रिलोकेकरला पाण्यात तरंगायचं नव्हतं आणि तळाशीही जायचं नव्हतं. तिला मधोमध राहायचं होतं, आणि तेच काही केल्या जमत नव्हतं.

तिचा भाऊ चिंतामणी बोटीवर इंजिनियर. मागच्या खेपेला त्याने मार्सेलहून पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आणलं होतं. पाठीवर बांधायची हवेची टाकी, तोंडात धरायची नळी, डोळ्यांवर लावायची काच आणि कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा. टाकी भरून देणारा त्याचा एक दोस्त गोदीत होता. चौपाटीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांसमोर धरलेला हातही दिसेना, म्हणून उर्मिलाने माहीमला मामाच्या वाडीतली विहीर गाठली. विहीर खोल, पाणी हिरवं आणि स्वच्छ, उतरायला पायऱ्या. पण पट्टा बांधला की ती सरळ तळाच्या चिखलात जाऊन उभी राहायची आणि सोडला की बुचासारखी वर यायची.

"शिसं कमरेला हवंच," बोटीवर परत जाताना चिंतामणी म्हणाला होता. "पण छातीशी हवा पाहिजे. खाली असताना कमी-जास्त करता येईल अशी. काय वापरायचं ते तूच शोध. मलाही ठाऊक नाही."

शोधायला तिला जोडीदारीण मिळाली ती लतिकामामी. धाकट्या मामाची बायको, उर्मिलाहून जेमतेम मोठी, आणि हसायला लागली की भिंत धरावी लागे अशी. दोघींनी चोरबाजार पालथा घातला. लढाईतला माल अजून तिथे ढिगाने पडलेला होता. सावरीचा कापूस भरलेलं खलाशांचं जाकीट मिळालं. मोटारीची एक ट्यूब मिळाली. आणि एका पेटाऱ्याच्या तळाशी वैमानिकांचं रबरी जाकीट सापडलं, पिवळंधमक.

"पायलट लोग का है, बाई," दुकानदार म्हणाला. "पहनके समंदर में गिरो, मजा आएगा."

मजा आधी दुसऱ्याच दोन वस्तूंनी आणली. कापसाचं जाकीट घालून उर्मिला विहिरीत उतरली ती वरच राहिली. मामीने बांबूने तिला खाली ढकलायचा प्रयत्न केला, तर मामीच बांबूसकट पाण्यात आली. ट्यूब काखेत अडकवली, तर ती घसरत गुडघ्यांवर गेली आणि उर्मिलाचे फक्त पाय पाण्याबाहेर राहिले. मामी पायरीवर बसून इतकी हसली की माळ्याला वाटलं, कोणी रडतंय.

राहिलं पिवळं. त्याला तोंडाने फुंकायची एक नळी होती. खाली पाण्यातही तिच्यातून हवा भरता येणार होती आणि सोडता येणार होती. शिवाय जाकिटाच्या खालच्या काठाला दाबून भरलेल्या वायूची एक छोटी लोखंडी बाटली होती. तिची दोरी ओढली की जाकीट एका क्षणात फुगतं म्हणे. पण रबर जुनं. फाटलं तर? त्या दोरीला हात लावायची उर्मिलाची छाती होईना.

अशात तिला बघायला धैर्यवान मंडळींनी यायचं ठरलं. गिरगावात संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज मोर्चे निघत, म्हणून यशोदाबाईंनी, उर्मिलाच्या आईने, कार्यक्रम मुद्दाम माहीमला ठेवला. आणि नेमकी त्याच दिवशी शिवाजी पार्कवर समितीची प्रचंड सभा लागली. रस्ते माणसांनी भरून गेले. एकही टॅक्सी पुढे सरकत नाही, अशी बातमी मामाने आणली. पाहुणे आता दिवेलागणीपर्यंत येत नाहीत असं धरून उर्मिलाने रेशमी साडी सोडली, पोहण्याचा पोशाख चढवला आणि टाकी पाठीवर घेतली.

"एकच बुडी," ती मामीला म्हणाली. "पिवळं घालून बघते."

ती तळाला टेकली. तोंडातली नळी काढून तिने जाकिटाच्या नळीत एक फुंकर मारली आणि श्वासाची नळी परत दातांत धरली. चिखलातून टाचा सुटल्या. आणखी एक फुंकर. ती वर निघाली. घाईघाईने तिने चिमूटभर हवा सोडली, आणि थांबली.

खरंच थांबली. पायाखाली काही नव्हतं, डोक्यावर काही नव्हतं. उजेडाचे हिरवे पट्टे तिरपे खाली येत होते आणि एक इवलासा मासा तिच्या काचेसमोर येऊन तिच्याचसारखा थबकला होता. श्वास घेतला की ती बोटभर वर जाई, सोडला की बोटभर खाली. तिला इतकं हसू आलं की नाकात पाणी गेलं.

वर, वाडीच्या मागच्या फाटकातून एक घामाघूम तरुण आत आला. छातीवर समितीचा बिल्ला होता. विहिरीतले बुडबुडे बघून तो थबकला.

"काय उकळतंय?" त्याने विचारलं. आवाज पार बसलेला.

"आमची मुलगी," मामी म्हणाली.

तेवढ्यात उर्मिला वर आली. "जमलं, मामी! लोंबकळले मी, कशालाही न धरता!" मग तिला तो दिसला.

"मी हेरंब धैर्यवान," तो कुजबुजला. "आईवडील टॅक्सीत अडकलेत. सांगायला चालत पुढे आलो."

"घशाला काय झालं?"

"घोषणा."

"तुम्ही मला बघायला येणार होतात ना?"

"बघितलं," हेरंब म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मामीने भिंत धरली.

टाकी, पट्टा आणि जाकीट उतरवून उर्मिला टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली. हेरंबने तिला इतके प्रश्न विचारले, की आपण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आहोत हे ती विसरूनच गेली. शेवटी त्याने जाकिटाच्या दोरीकडे बोट दाखवलं.

"ती ओढून बघायला भीती वाटते," ती म्हणाली. "पण समुद्रात दमले तर भरवसा हिच्यावरच ठेवायचा. म्हणजे कधीतरी बघायलाच हवं."

"मी बघतो."

"पोहता येतं?"

"नाही. पण मी पायरीवरच उभा राहणार आहे."

त्याने शर्टावरच जाकीट चढवलं आणि दोरी ओढली. फस्सकन आवाज झाला. जाकीट हनुवटीपर्यंत फुगलं, हेरंब दचकून मागे सरकला, शेवाळावर पाय घसरला, आणि तो उताणा विहिरीत गेला. उर्मिलाने टॉवेल फेकून उडी मारली. ती पोचेपर्यंत तो वर आलाही होता, तोंड आभाळाकडे, हात पसरलेले. घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तो हसतोय, हे कळायला तिला जरा वेळ लागला.

आणि टॅक्सी पोचली होती. यशोदाबाई पाहुण्यांना थेट विहिरीवरच घेऊन आल्या, कारण उर्मिला आणि मामी घरात सापडल्या नव्हत्या.

"हेरंब!" सुंदराबाई धैर्यवान ओरडल्या. भरजरी नऊवारी, नाकात नथ, चेहरा पांढराफटक.

हेरंब काहीतरी कुजबुजला.

"ते म्हणतायत, बुडत नाहीये!" उर्मिलाने त्याची कॉलर धरून मोठ्याने सांगितलं.

यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले. सुंदराबाई सावकाश पायऱ्या उतरल्या आणि पाण्याशी येऊन थांबल्या. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"हे जाकीट कोणी निवडलं?"

"मी," उर्मिला म्हणाली.

"माझ्यासारखीला होईल?"

"आई!" हेरंबचा घसा एकदम थोडासा उघडला.

"वाळकेश्वरला आमच्या घरामागे समुद्र होता," सुंदराबाई म्हणाल्या. "भाऊ दिवसभर पाण्यात. मला घोट्याच्या वर कधी भिजू दिलं नाही. काढ ते, दे इकडे."

जाकीट काढायला त्यातली हवा सोडावी लागली, आणि बाटलीतला वायू तर संपला होता. उर्मिला आणि मामीने आळीपाळीने फुंकून जाकीट पुन्हा फुगवलं. मामीच्या हसण्याने निम्मी हवा बाहेरच जात होती. मग नवऱ्याच्या हातात नथ आणि चष्मा देऊन सुंदराबाई कासोट्यासकट पाण्यात उतरल्या आणि तरंगू लागल्या. पदर पाण्यावर पसरला. वाडीतल्या माडांच्या शेंड्यांकडे बघत त्या "अगंबाई, अगंबाई" एवढंच म्हणत राहिल्या. दुरून सभेचा गजर येत होता.

उर्मिला आणि हेरंब ओलेचिंब, शेजारी शेजारी पायरीवर बसले होते.

"थंडी सरायच्या आत मालवणला जायचंय," ती हळूच म्हणाली. "तिथलं पाणी स्वच्छ असतं. हेच जाकीट नेणार. होडीत बसून दोर धरायला कोणीतरी लागेल."

"मला पोहता येत नाही," तो कुजबुजला.

"शिकवीन."

"मला आधी!" विहिरीच्या मधोमधून सुंदराबाई म्हणाल्या.